एकसारखेपणाचा आग्रह : ब्राउझरभेद दूर करणाऱ्या स्टाइलशीट्सची चिकित्सा

बीजसंज्ञा : सीएसएस, ब्राउझर, रीसेट, नॉर्मलाइझ, मूळ शैली, ओळींची उंची, देवनागरी

प्रस्तावना

मुद्रित पुस्तकाचे पान एकदा बांधले गेले की ते सर्व वाचकांच्या हाती एकाच रूपात पडते. पुण्यातील वाचकाच्या प्रतीत समास दोन बोटे आणि नागपूरच्या वाचकाच्या प्रतीत तीन बोटे असा प्रकार घडत नाही. वेबपृष्ठाच्या बाबतीत मात्र लेखक आणि वाचक यांच्यामध्ये ब्राउझर हा तिसरा घटक उभा असतो. लेखक पाठवितो ती केवळ संहिता आणि तिच्या मांडणीविषयीच्या सूचना. या सूचनांचा अर्थ लावून पान बांधण्याचे काम वाचकाच्या संगणकावर, त्याच्या समोरच होते. अर्थ लावणारा बदलला की पान बदलते. एकाच पृष्ठाचा स्तंभ एका ब्राउझरमध्ये जागच्या जागी दिसतो, तर दुसऱ्यात तोच खाली घसरतो. विंडोजवर नीट बसलेले शीर्षक मॅकवर दोन ओळींत मोडते.

मांडणीच्या या सूचनांची भाषा म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स अर्थात सीएसएस. हॉकून व्यूम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्न या संस्थेत असताना तिचा पहिला प्रस्ताव मांडला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिच्या पहिल्या स्तराला मान्यता दिली. त्यानंतर ब्राउझरांतील भेद मिटविण्यासाठी जे असंख्य उपाय झाले, त्यांपैकी दोन उपायांचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. पहिला, एरिक मेयर यांचे २००७ मधील ‘रीसेट’ आणि दुसरा, निकोलस गॅलाघर व जोनाथन नील यांचे २०११-१२ च्या सुमारास पुढे आलेले ‘नॉर्मलाइझ’. दोन्ही रचना आकाराने लहान आहेत आणि त्यांच्याकडे केवळ तांत्रिक साधने म्हणूनच पाहिले जाते. तथापि कोणत्या भेदाला दोष मानावयाचे आणि कोणत्या भेदाला नाही, याविषयीची एक निश्चित भूमिका त्यांच्यात आहे. एखाद्या संहितेची चिकित्सा करावी तशी या भूमिकेची चिकित्सा आवश्यक ठरते, कारण मराठी मजकुराची पृष्ठेही याच पायावर उभी राहिली आहेत.

भेद एकाच जातीचे नाहीत

आरंभीच एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. ली यांच्या मूळ प्रस्तावात लेखकाच्या सूचना अंतिम मानलेल्या नव्हत्या. लेखकाची इच्छा किती टक्के मानावयाची आणि वाचकाची किती, असे प्रमाण ठरविण्याची तरतूद त्यात होती. टक्केवारीची ती कल्पना पुढे टिकली नाही, पण सीएसएसच्या नावातील ‘कॅस्केडिंग’ हा शब्द तीच वाटाघाट सुचवितो. लेखक, वाचक आणि ब्राउझर अशा तिघांच्या स्टाइलशीट्स एकावर एक उतरत येतात व त्यांतून अंतिम रूप ठरते. सर्व पडद्यांवर तंतोतंत एकच पान दिसेल असे आश्वासन या भाषेने कधीच दिलेले नव्हते. ते आश्वासन मुद्रणसंस्कृतीतून आलेल्या संकल्पकांनी तिच्यावर लादले, असे म्हणावे लागते. जॉन ऑलसॉप यांनी २००० मध्येच आपल्या प्रसिद्ध लेखात या मनोवृत्तीकडे लक्ष वेधले होते.

प्रत्यक्षात दिसणारे भेद तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. काही ठिकाणी मानक स्पष्ट असते आणि ब्राउझर ते चुकीचे पाळतो. काही ठिकाणी मानकाने निर्णयच दिलेला नसतो, त्यामुळे प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने बरोबर असतो. तिसऱ्या प्रकारात ब्राउझर एकच असूनही ऑपरेटिंग सिस्टिम बदलते आणि तिच्यासोबत फॉन्ट, अक्षरे गुळगुळीत दाखविण्याची पद्धत, फॉर्ममधील बटणे व स्क्रोलपट्टीची रुंदी बदलते. विंडोजवरील रूढ स्क्रोलपट्टी १७ पिक्सेल जागा व्यापते. मॅकवर २०११ च्या लायन आवृत्तीपासून ती मजकुरावर तरंगते व मांडणीतील जागाच घेत नाही. पडद्याची पूर्ण रुंदी मोजून आखलेला स्तंभ त्यामुळे मॅकवर बरोबर बसतो आणि विंडोजवर त्याखाली आडवी स्क्रोलपट्टी उगवते. येथे दोष कोणाचा? दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी बरोबरच आहेत.

क्लृप्त्यांचा काळ

पहिल्या प्रकारचे, म्हणजे खऱ्या चुकीचे, सर्वांत गाजलेले उदाहरण पेटीच्या मापाचे होय. एखाद्या पेटीची रुंदी ३०० पिक्सेल, आतील मोकळी जागा म्हणजे पॅडिंग दोन्ही बाजूंना २० व कड दोन्ही बाजूंना ५ पिक्सेल असे सांगितले तर मानकानुसार रुंदी केवळ मजकुराची मोजावयाची असते आणि एकूण पेटी ३५० पिक्सेलांची होते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने मात्र ३०० मध्येच सर्व काही बसविले आणि मजकुराला २५० पिक्सेल उरले. दोन स्तंभ शेजारी बसविणाऱ्याच्या सर्व हिशेबाचा यामुळे विचका होत असे.

यावर टांटेक चेलिक यांनी शोधलेला उपाय विलक्षण होता. आवाजी वाचनासाठी, म्हणजे पृष्ठ बोलून दाखविणाऱ्या यंत्रासाठी, राखलेल्या एका गुणधर्मात त्यांनी अवतरणचिन्हे आणि महिरपी कंस अशा रीतीने गुंफले की जुना ब्राउझर नियम तेथेच संपला असे समजून थांबे व पुढची दुरुस्त रुंदी फक्त नव्या ब्राउझरांपर्यंत पोहोचे. दृष्टिहीन वाचकांच्या सोयीचे साधन पेटीच्या मापासाठी फसवणूक करण्याच्या कामी आले, ही गोष्ट त्या काळाविषयी बरेच काही सांगून जाते. सहाव्या आवृत्तीने (२००१) योग्य माप स्वीकारले, परंतु पृष्ठाच्या आरंभी योग्य दस्तऐवज-घोषणा असेल तरच. घोषणेच्या आधी एक्सएमएलची निरुपद्रवी ओळ आली तरी तो ब्राउझर जुन्या, सवलतीच्या पद्धतीत परतत असे. घटकाला एक टक्का उंची देणे, तरंगत्या घटकाचा समास दुप्पट होऊ नये म्हणून त्याला ओळीतला घटक म्हणून घोषित करणे, अशा क्लृप्त्या त्या वेळी पाठांतरासारख्या शिकल्या जात. त्यांची कारणमीमांसा फारसे कोणी विचारीत नसे.

या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. पेटीचे ‘चुकीचे’ माप हेच व्यवहारात अधिक सोयीचे, हे हळूहळू सर्वांच्या लक्षात आले. बॉक्स-सायझिंग या गुणधर्माने ते ऐच्छिक स्वरूपात परत आले, २०१२ पासून सर्व घटकांना सरसकट लावण्याची प्रथा पडली आणि सीएसएसच्या कार्यगटाने स्वतःच्या रचनेतील चुकांची जी यादी ठेवली आहे तिच्यात मूळ माप कडेपर्यंतचे असावयास हवे होते अशी कबुलीही आहे. म्हणजे ज्या भेदाला दशकभर दोष मानून त्यावर उपाय झाले, त्यात दोषी ठरविलेल्या पक्षाचे म्हणणे निदान सोयीच्या दृष्टीने रास्त होते. ब्राउझरभेद म्हणजे केवळ नियमभंग, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये.

रीसेट : शून्यापासून प्रारंभ

क्लृप्त्या एकेका चुकीवर चालत. मेयर यांच्या रीसेटने वेगळा मार्ग धरला. कोणतीही स्टाइलशीट नसतानाही ब्राउझर शीर्षक मोठे व ठळक दाखवितो, परिच्छेदांत अंतर ठेवतो, यादीला ठिपके देतो. ही ब्राउझरची मूळ शैली होय. सीएसएसच्या २.१ आवृत्तीच्या परिशिष्टात अशा मूळ शैलीचा नमुना होता, पण तो बंधनकारक नव्हता. त्यामुळे एका ब्राउझरने यादीचे अंतर समासातून दिले आणि दुसऱ्याने पॅडिंगमधून. मेयर यांनी ही सर्व मूल्ये पुसून टाकली. समास शून्य, पॅडिंग शून्य, कड शून्य, अक्षरांचा आकार सर्वत्र समान, यादीचे ठिपके नाहीत, ओळींची उंची नेमकी एक पट. सर्व ब्राउझर असे एकाच ओसाड भूमीवर आणल्यावर संकल्पकाने तेथून पुढे हवे ते उभारावे, असा हा विचार.

या विचारात एक प्रकारची प्रामाणिकता आहे, हे मान्य केले पाहिजे. संकल्पक नकळत ब्राउझरच्या मर्जीवर अवलंबून असतो, ते अवलंबित्व रीसेट उघडे करतो. मेयर यांनी हे पत्रक जसेच्या तसे वापरू नये, आपल्या कामाप्रमाणे त्यात बदल करावेत, असेही स्पष्ट सुचविले होते. वापरणाऱ्यांनी मात्र ते जसेच्या तसेच चिकटविले. त्याचा परिणाम एका उदाहरणात पुरेसा स्पष्ट होतो. पहिल्या आवृत्तीत कळफलकाने फिरणाऱ्या वाचकाला आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे दाखविणारी चौकट काढून टाकलेली होती आणि तिच्या जागी स्वतःची खूण द्यावी अशी आठवण टिपणात होती. आठवण मागे राहिली, चौकट गेली ती गेलीच. माउस न वापरू शकणाऱ्या वाचकाला असंख्य पृष्ठांवर आपले स्थान कळेनासे झाले. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम वगळण्यात आला.

रीसेटवरील मुख्य आक्षेप याहून खोल आहे. तो भेदांची जात पाहत नाही. ब्राउझरची चूक आणि ब्राउझरची सदिच्छा या दोहोंना तो एकाच पाट्याने वाटतो. जोर दिलेला शब्द तिरपा दिसावा हा काही दोष नव्हता. त्याबाबत ब्राउझरांत मतभेदही नव्हता. तरीही दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द साधा होतो, ठळक शब्दाचा ठळकपणा जातो आणि प्रत्येकाला तो पुन्हा मिळवून द्यावा लागतो. जेथे भांडण नाही तेथेही तडजोड घडवून आणण्याचा हा प्रकार आहे. टेलविंडसारख्या नंतरच्या साधनांतील प्रीफ्लाइटमध्ये शीर्षके व याद्या पुन्हा याच रीतीने निराभरण केल्या जातात. त्यावरून या विचाराचे आकर्षण किती टिकाऊ आहे ते कळते.

नॉर्मलाइझ : टिपणासह दुरुस्ती

गॅलाघर व नील यांनी नेमका हाच आक्षेप पुढे नेला. उपयुक्त मूळ शैली राखावयाची, जेथे ब्राउझरांत प्रत्यक्ष भेद आहे तेवढेच सारखे करावयाचे आणि प्रत्येक नियमाशेजारी तो कोणत्या ब्राउझरसाठी आहे हे लिहावयाचे, अशी त्यांची पद्धत. टीकाग्रंथाच्या भाषेत बोलावयाचे तर रीसेट ही संहिता पुसून पुन्हा लिहिण्याची रीत आहे, तर नॉर्मलाइझ ही पाठभेद नोंदविणारी आवृत्ती आहे. कारण ठाऊक असल्यामुळे कारण संपले की नियम काढता येतो, हा तिचा मोठा गुण. नव्या आवृत्त्यांतून जुन्या ब्राउझरांचे नियम खरोखरच गळत गेले. क्लृप्त्यांच्या काळातील पाठांतराशी तुलना केली तर ही शिस्त किती मोलाची आहे ते ध्यानात येते.

पहिल्या प्रकारचे भेदही दरम्यान पुष्कळ कमी झाले. एप्रिल २००५ मधील अॅसिड-२ सारख्या चाचण्यांनी ब्राउझर निर्मात्यांना जाहीर कसोटीला उभे केले. मार्च २००९ मध्ये आलेल्या आठव्या इंटरनेट एक्सप्लोररनेही ती पार केली. एचटीएमएलच्या मानकात आज मूळ शैलीचे सविस्तर वर्णन आहे. २०१३ मध्ये ऑपेराने आणि २०२० मध्ये एजने स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियमचा आधार घेतला, १५ जून २०२२ रोजी विंडोज १० च्या बहुसंख्य संगणकांवरील इंटरनेट एक्सप्लोररचा पाठिंबा संपला आणि २०२२ पासून अॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आदी संस्था इंटरॉप या उपक्रमात दरवर्षी ठरावीक गुणधर्मांची समान अंमलबजावणी तपासतात. इंजिनांची संख्या घटून आलेली एकवाक्यता कितपत निरोगी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नॉर्मलाइझच्या २०१८ मधील आठव्या आवृत्तीचा पहिलाच नियम मात्र येथे तपासणे अगत्याचे आहे. त्यात ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या १.१५ पट ठरविली असून, ती सर्व ब्राउझरांसाठी ‘दुरुस्त’ केल्याचे टिपण आहे. प्रत्येक नियमाचे कारण सांगणाऱ्या या पत्रकात या एका आकड्याचे कारण सापडत नाही. दुरुस्त, पण कोणत्या लिपीसाठी, हा प्रश्न तेथे उपस्थितच झालेला नाही.

ओळींची उंची आणि देवनागरी

स्टाइलशीटमध्ये ओळींची उंची सांगितली नाही तर ब्राउझर ती फॉन्टकडे विचारतो. फॉन्टच्या फाइलमध्ये ही माहिती एका ठिकाणी नसते. उंची व खोलीच्या मापांचे तीन गट तेथे असतात. मॅक त्यांतील एक गट वाचतो, विंडोज साधारणतः दुसरा. फॉन्ट घडविणाऱ्याने तिन्ही गट जुळवून ठेवले नसतील तर एकाच फॉन्टच्या ओळी दोन व्यवस्थांवर वेगवेगळ्या अंतराने दिसतात. सीएसएसच्या २.१ आवृत्तीने तर मजकुराच्या क्षेत्राची उंची नेमकी कशी काढावी हे सांगण्याचे टाळलेच आहे. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे मानकाच्या मौनातून आलेल्या भेदाचे, याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

मराठी पृष्ठावर याची तीव्रता वाढते. पृष्ठासाठी एरियल वा व्हर्डाना असे फॉन्ट सांगितलेले असतात, त्यांत देवनागरी अक्षरे नसतात. मग प्रत्येक व्यवस्था आपल्या पदरचा फॉन्ट पुरविते. विंडोज २००० पासून मंगल आणि विंडोज ८ पासून निर्मला, मॅकवर पूर्वी देवनागरी एमटी व पुढे कोहिनूर, लिनक्सवर लोहित, अँड्रॉइडवर नोटो. यांची उभी मापे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातून मराठी वाक्यात लॅटिन अक्षरातील एखादे नाव किंवा ईमेलचा पत्ता आला की एकाच परिच्छेदातील दोन ओळींचे अंतरही वेगळे दिसू शकते. लेखकाने काहीही चूक केलेली नसते.

या भेदावर रीसेटचा उपाय म्हणजे ओळींची उंची नेमकी एक पट. लॅटिन लिपीत हा केवळ दाटपणाचा प्रश्न आहे आणि संकल्पक तो पुढे सुधारून घेईल असे गृहीत धरता येते. देवनागरीची रचनाच वेगळी आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार चढतात, अक्षराखाली उकार व ऋकार उतरतात, आणि जोडाक्षरे कधी एकाखाली एक अशी दुमजली बसतात. एक पट उंचीत वरच्या ओळीतील ‘वृद्धत्व’ मधला ऋकार आणि खालच्या ओळीतील ‘सर्वांगीण’ मधला रफार व अनुस्वार एकमेकांना भिडतात. १.१५ पटीने हा संघर्ष थोडा कमी होतो, संपत नाही. लांब शीर्षक एका ओळीत तोडून शेवटी तीन टिंबे दाखविण्याच्या रूढ पद्धतीत पेटीबाहेर गेलेला भाग लपविणे अपरिहार्य असते. तेथे तर वरचे चिन्ह कापलेच जाऊ शकते. अनुस्वार कापला की ‘प्राध्यापकांची यादी’ ही ‘प्राध्यापकाची यादी’ होते. उकाराचा खालचा भाग गेला तर ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत फरक करता येत नाही. लॅटिन मजकुरात जो प्रश्न सौंदर्याचा असतो तो येथे व्याकरणाचा आणि अर्थाचा होऊन बसतो.

रीसेटचे शून्य हे तटस्थ शून्य नव्हते, हे यावरून दिसते. ते लॅटिन लिपीच्या मापाने काढलेले शून्य होते. नॉर्मलाइझने शून्याचा आग्रह सोडला, परंतु मोजपट्टी तीच ठेवली. दोन्ही रचनाकारांवर हेतूचा आरोप करण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर जे ब्राउझरभेद होते ते त्यांनी तपासले. मंगल आणि कोहिनूर यांच्यातील भेद तपासणे हे ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नाही. मराठी पृष्ठे घडविणाऱ्यांनी ही पत्रके परीक्षेविना स्वीकारली आणि मग अक्षरे तुटतात म्हणून युनिकोडला दोष दिला. मजकुराचे चित्र करून चिकटविण्याची प्रथा अशाच तक्रारींतून बळावली. त्या चित्रांतील मजकूर शोधयंत्राला सापडत नाही व पडदावाचकाला वाचता येत नाही.

उपाय अवघड नाहीत, आणि बहुतेक जुनेच आहेत. पृष्ठाच्या मूळ घटकावर भाषा मराठी असल्याची नोंद करावी आणि भाषेनुसार निवड करणाऱ्या नियमाने ओळींची उंची वेगळी ठरवावी. लॅटिन मजकुराला दीड पट पुरत असेल तर देवनागरीला त्याहून अधिक द्यावी लागेल. नेमका आकडा फॉन्ट पाहूनच ठरवावा लागतो. तो एककाविना द्यावा, म्हणजे मोठ्या शीर्षकाला लहान मजकुराची उंची वारशाने मिळत नाही. फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्टचे नाव स्पष्टपणे यावे, शक्य तेथे तो फॉन्ट पृष्ठासोबतच पाठवावा. त्यामुळे व्यवस्थेच्या मर्जीचा प्रश्न बराचसा सुटतो. मजकूर लपविणाऱ्या पेटीला वरून थोडे पॅडिंग द्यावे.

आणि चाचणीचा मजकूर बदलावा. स्टाइलशीट तपासताना लॅटिन भाषेतील निरर्थक परिच्छेद भरण्याची प्रथा मराठी पृष्ठांच्या निर्मितीतही जशीच्या तशी चालत आली आहे. त्या परिच्छेदात रफार नाही, दीर्घ उकार नाही, अनुस्वार नाही. त्याऐवजी ‘मूर्तींच्या’, ‘वृद्धांसाठी’, ‘विद्यार्थ्यांचे’, ‘कर्तृत्वाला’, ‘पूर्वार्धातील’ अशा शब्दांची दोन-तीन ओळींची शीर्षके विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या चारही व्यवस्थांवर एकदा लावून पाहिली, तर पृष्ठ कोठे मोडते हे काही मिनिटांत समजते.